लाल रेघेखाली साठ

"लाल रेघेखाली साठ. नवं काही नाही."

एकोणीस वर्षं पुकियोपाम्पा गावानं हे वाक्य ऐकलं. सकाळी सहाला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा. वर तळ्याकाठच्या दगडी खोलीतून सेनोबियो रुरुश वायरलेसवर बोलायचा, खाली ग्रामसभेच्या खोलीत आब्दोन ते ऐकायचा आणि छपरावरच्या कर्ण्यातून साऱ्या गावाला ऐकवायचा. कधी अठ्ठावन्न, कधी बासष्ट, पण बहुतेक साठच. म्हणजे तळ्याचं पाणी धोक्याच्या रेघेच्या साठ सेंटिमीटर खाली आहे, तेव्हा आपापल्या कामाला लागा. गावातल्या बायका संध्याकाळचे बटाटे चुलीवर चढवायच्या त्या या आवाजावर. घरोघरी घड्याळं होती की, पण घड्याळाला कोण विचारतं? 'साठ म्हटलं का गं?' असं कुंपणावरून एकमेकींना विचारायचं आणि पातेलं चढवायचं.

पंधरा दिवस सेनोबियो वर राहायचा, पंधरा दिवस दुसरा कुणी. ते दुसरे बदलत गेले, कुणाला थंडी बाधली, कुणाला एकटेपणा. सध्या माउरेलिओ होता. सेनोबियो मात्र टिकला. डोंगराला सगळे म्हातारा म्हणायचे. खरं नाव यूराक आवकिस, पांढरा म्हातारा, पण रोज ज्याचं तोंड बघायचं त्याला पूर्ण नावानं कोण हाक मारत बसतो. म्हाताऱ्यानं आज टोपी घातली, म्हणजे शिखरावर ढग. म्हातारा खाकरला, म्हणजे वरचा बर्फाचा कडा सुटून तळ्यात पडला. सेनोबियोला म्हाताऱ्याचं खाकरणं आवाजावरून ओळखता यायचं, आणि आपल्याला ते येतं हे तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

त्याच्या आजाच्या काळात हे तळं एकदा फुटलं होतं. तेव्हा गाव नदीकाठच्या सपाटीवर होतं. ते एका दुपारीत नाहीसं झालं. उरले त्यांनी उतारावर घरं बांधली आणि सपाटीवर फक्त मका पेरला. पण साठ, साठ ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली, आणि नदीचं पाणी चढावर वाहून वाहून बायकांच्या कमरेचे काटे ढिले झाले. दोन वर्षांपूर्वी सेनोबियोच्या एकुलत्या एक लेकीनं, नेलिदानं, बापाला विचारलं. नवरा किनाऱ्याकडच्या मळ्यांत मजुरीला, पदरात दोन मुली, वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा नेमका सपाटीवर. गावात बापाला ताय्ता म्हणतात. "ताय्ता," ती म्हणाली, "तिथं घर बांधू का?"

"तळं माझ्या मुठीत आहे, पोरी," सेनोबियो म्हणाला. "बांध खुशाल."

असं म्हणताना त्याची छाती केवढी फुगली होती ते आम्ही पाहिलंय. मग काय, तळ्याचा राखणदार स्वतःच्या लेकीला तिथं बांधू देतो म्हटल्यावर बाकीच्यांना कसली भीती? दोन वर्षांत सपाटीवर चौदा घरं उठली. ग्रामसभेची खोलीसुद्धा कर्ण्यासकट खाली आली. नेलिदाचं घर सगळ्यात आधी सुरू झालं आणि सगळ्यात शेवटी पुरं होत आलं, कारण विटा तिनं एकटीनं पाडल्या. आता ऑगस्टातल्या रविवारी कौलं चढायची होती. सेनोबियोची पाळीही रविवारीच संपत होती. तो वर बसून दिवस मोजत होता.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी एर्मेलिंदा तळ्यावर आली. ही मेंढपाळीण याच गावची, पण खिंडीपलीकडे दिलेली. चाळीस वर्षांनी नवरा गेल्यावर बारा मेंढ्या घेऊन माहेरी परतली होती. लहानपणी ती याच तळ्यावर मेंढ्या चारायची. ती सरळ गेली आणि मुकीवर बसून भाजलेला मका खाऊ लागली.

मुकी म्हणजे घराएवढी काळी शिळा. दगडगोट्यांचं एक नाकाड तळ्यात आत घुसलं होतं, त्याच्या टोकाला ती बसलेली. पाणी मोजायची पट्टी तिच्यावरच रंगवलेली होती, आणि त्याची एक गोष्ट आहे. एकोणीस वर्षांपूर्वी शहरातून इंजिनियर आला तेव्हा तो म्हणाला होता, पट्टी समोरच्या कड्यावर ठोका. तो कडा म्हणजे म्हाताऱ्याचा गुडघा. गुडघ्यात खिळे ठोकायचे? सेनोबियो आणि आब्दोन दोघंही तेव्हा ऐन उमेदीत. दोघांनी साफ नाही म्हटलं. आज खिळा ठोकू, उद्या गारा कुणाच्या मक्यावर पडतील? मुकी आहे की. आजे-पणजे तिच्यावर कोकाची पानं ठेवून म्हाताऱ्याची रजा घ्यायचे. वादळात, भूकंपात ती हलली नव्हती. शिवाय ती म्हाताऱ्याच्या अंगाची नाही, कुठून तरी येऊन बसलेली. तिला रंग फासला तर कुणाला दुखत नाही. इंजिनियरचं डोकं विरळ हवेनं ठणकत होतं. तो बरं म्हणाला आणि उतरून गेला. तेव्हापासून दर वर्षी सेनोबियो स्वतःच्या हातानं लाल रेघ ताजी करायचा.

तर एर्मेलिंदा मका चावता चावता म्हणाली, "ही उंच झाली रे."

"आजी, ती उंच नाही झाली, तुम्ही बुटक्या झालात," सेनोबियो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

"बुटकी झाले तर कमी दिसायला पाहिजे की जास्त?" म्हातारीनं बोट दाखवलं. तळ्याच्या खालच्या अंगाला गोट्यामातीचा जो उंच बांध आहे, ज्यानं सगळं पाणी अडवून धरलंय, त्याच्या कडेवरून पलीकडच्या खिंडीतला लोखंडी क्रूस दिसत होता. "लहानपणी इथं बसून तो दिसायचा नाही. भावाच्या खांद्यावर उभी राहायचे तेव्हा दिसायचा. आज बसल्या बसल्या दिसतोय."

म्हातारीचा भ्रम म्हणून त्यानं तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग तो स्वतः जाऊन मुकीवर बसला. क्रूस दिसत होता, आडव्या दांड्यासकट. आपण कधीपासून तो बघतोय ते त्याला काही केल्या आठवेना. पहिल्या वर्षी? नाही. पहिल्या वर्षी त्याला क्रूस बघायला बांधावर चढावं लागायचं, रविवारी चढायचा की तो. म्हणजे एक तर शिळा वर आली असेल, नाहीतर मधला बांध खाली बसला असेल. दोन्हीतलं कुठलंही धरलं तरी वाईटच.

बुधवारी त्यानं ते केलं जे करायला एकोणीस वर्षांपूर्वी नकार दिला होता. तळ्याला वळसा घालून तो समोरच्या कड्याशी गेला. कोकाची तीन चांगली पानं निवडून ठेवली, म्हाताऱ्याची माफी मागितली, आणि बरोबर पाण्याच्या रेषेवर म्हाताऱ्याच्या गुडघ्यात खिळा ठोकला. प्रत्येक घावाला त्यानं मान वर करून बघितलं. म्हातारा गप्प होता.

शनिवारी खिळा दिसेना. हात पाण्यात घातला तेव्हा चार बोटं खाली लागला. सेनोबियो तसाच ओल्या बाहीनं धावत मुकीपाशी आला. पट्टीवर साठ.

तो पुन्हा कड्याशी गेला, पुन्हा हात घातला. चार बोटं, जरा जास्तच. पुन्हा मुकी. साठ. मग त्यानं खोलीतून पहार आणली आणि मुकीच्या बुडाशी खणायला घेतलं. आधी दगड, मग वाळू, मग आणखी दगड. दोन हात खाली पहारीचा आवाज बदलला. त्यानं हातांनी गाळ उपसला आणि तळाशी हात ठेवला. बर्फ होता. निळसर, जुना, टणक बर्फ. त्यानं दुसरीकडे खणलं, तिथंही तेच. नाकाडाच्या मध्यावर खणलं, तिथंही तेच.



मुकी जमिनीवर नव्हतीच. ते अख्खं नाकाड म्हणजे दगडगोट्यांचं पांघरूण घेतलेला बर्फाचा तराफा होता. पाणी चढलं की तो चढायचा, मुकी चढायची, मुकीवरची लाल रेघ चढायची. साठ बदलणार कसे? तळं तिथपर्यंत भरलं असतं जिथं म्हाताऱ्याच्या कानाला पाणी लागतं, तरी साठच आले असते.  नाकाडाकडे जायची वाट दर वर्षी ओली व्हायची आणि तो दगड टाकून ती वर उचलायचा. तो समजायचा, दगड घसरतात. तळ्यातून झिरपणारा ओढा वर्षावर्षाला बारीक होत गेला. तो समजायचा, म्हाताऱ्याकडे बर्फ कमी पडतोय; पाणी तर वरच साचत होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि तो रोज दोनदा, स्वच्छ आवाजात, गावाला सांगत होता की नवं काही नाही.

मग त्याला नेलिदा आठवली आणि तो खोलीकडे धावला.

वायरलेसवर आब्दोन भेटला. तो सेनोबियोचा कोंपाद्रे, म्हणजे नेलिदाचा धर्मबाप, उद्या तिच्या घराच्या माथ्यावर क्रूस बसवायचा मान त्याचाच. सेनोबियोनं सगळं सांगितलं, भराभर, अर्धं उलटसुलट. आब्दोननं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कोंपाद्रे, आज सकाळी साठ कोण म्हणालं?"

"मीच म्हणालो. पण ते साठ खोटं आहे."

"आणि काल?"

"कालचंही खोटं. सगळंच खोटं, आब्दोन. एकोणीस वर्षांचं."

 आब्दोन म्हणाला की उंचीवर एकटं राहून माणसाचं डोकं फिरतं, यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या खाली ये, भाजलेले गिनीपिग, आपले कुय, असतील, मक्याची आंबवलेली चिचा असेल, दोन घोट पोटात गेले की बरं वाटेल. कर्ण्यावर त्यानं यातलं अक्षरही जाऊ दिलं नाही. कौलांच्या आदल्या दिवशी असलं काही गावाला ऐकवायचं असतं का? शहरातल्या कार्यालयातही सेनोबियोनं कळवलं. तिथल्या माणसानंही सकाळची नोंद बघितली, साठ होती. गुरुवारी गाडी पाठवायचं बघतो, तो म्हणाला.

रविवारी दुपारी माउरेलिओ पाळीवर आला. सेनोबियोनं त्याला हाताला धरून खड्ड्यांपाशी नेलं, बर्फ दाखवला, मग कड्याशी नेऊन बुडालेला खिळा चाचपायला लावला. माउरेलिओ चाळिशीचा, भिऊन वागणारा माणूस. इथं कुठंही खणलं तरी बर्फच लागणार, तो पुटपुटला. सेनोबियोनं विनवलं की संध्याकाळी साठ म्हणू नकोस, पट्टी खोटी आहे एवढंच म्हण. माउरेलिओनं नजर चुकवली. "मला जे दिसतं ते मी सांगणार, दादा. नाहीतर उद्या मलाही वेडा म्हणतील."

चार तासांची उतरण सेनोबियोनं अडीच तासांत उतरली. गुडघे सोलले, टोपी कुठं पडली कळलं नाही.

सपाटीवर सगळा गाव जमला होता. खालून वरपर्यंत माणसांची रांग, हातोहात कौलं चढत होती आणि माथ्यावर बसून नेलिदा ती लावत होती. क्रूस आधीच बसला होता, कागदी फुलं गुंडाळलेला. खाली तिच्या दोन मुली चिखलात अनवाणी नाचत होत्या. सेनोबियोला बघताच लोकांनी आरोळी दिली, कुणी चिचेचा भोपळा त्याच्या हातात कोंबला. तो म्हणाला, घरं सोडा, आत्ता सोडा. लोकांना वाटलं थट्टा आहे. तो म्हणाला, तळं भरलंय, काठोकाठ, मी तुम्हाला इतकी वर्षं खोटं सांगितलं. आता लोक हसायचे थांबले. चौदा घरांची माणसं होती ती. त्यातल्या प्रत्येकानं याच्या शब्दावर पाया खणला होता. एकानं विचारलं, मग आमच्या विटा तू वर वाहणार का? दुसरा म्हणाला, चढलीय याला. आब्दोननं त्याच्या खांद्यावर हात टाकून प्रेमानं त्याला बाजूला न्यायला सुरुवात केली.

पाच वाजले होते. आब्दोन त्याला तसाच सोडून शेजारच्या ग्रामसभेच्या खोलीत गेला. कर्णा खरखरला, आणि माउरेलिओचा आवाज आला.

"लाल रेघेखाली साठ. नवं काही नाही."

सगळ्या सपाटीनं श्वास सोडला. एकदोघी बायका उठून चुलीकडे गेल्या आणि बटाटे चढवले. कौलांची रांग पुन्हा हलू लागली. सेनोबियो मध्येच उभा होता. स्वतःचंच वाक्य, त्याच चालीत, दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला असं झालं की कुणी आपल्याला जिवंत गाडतंय आणि वरून माती आपणच लोटतोय.

नेलिदा शिडीवरून खाली आली. हात मातीनं भरलेले.

"ताय्ता, प्यायलाय का?"

"थेंब नाही."

"मी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?"

"बांध म्हणालो."

"मी एकटीनं पाडल्यात विटा. पोरींना उपाशी झोपवून पाडल्यात."

"माहीत आहे, पोरी."  सेनोबियो म्हणाला, "मला कळत होतं असं मला वाटत होतं. काही कळत नव्हतं. तुला इथं आणून मीच बसवलं."

नेलिदा त्याच्या हातांकडे बघत होती. म्हातारा खाकरल्यावर सारा गाव दाराबाहेर यायचा तेव्हाही या हातांनी शांतपणे कोकाची पानं निवडलेली तिनं पाहिली होती. आता ते दोन्ही हात थरथरत होते आणि ते त्याला कळतही नव्हतं.

"शिडी धरा," ती म्हणाली.

ती वर चढली आणि तासापूर्वी बसवलेला क्रूस तिनं उपटून काढला. खाली बायकांनी तोंडावर हात ठेवले. बसवलेला क्रूस त्याच दिवशी उतरवायचा म्हणजे घर जिवंतपणी मेलं म्हणायचं. आमच्याकडे असं कुणी केलेलं नव्हतं. आब्दोनला अपमान झोंबला, त्यानं तोंड फिरवलं. नेलिदानं क्रूस काखेत मारला, एका मुलीच्या डोक्यावर गादीची वळकटी दिली, दुसरीच्या हातात कोंबड्या, आणि बापामागून चढ चढू लागली. उतारावर, बाकीच्या घरांच्याही वर, सेनोबियोच्या आजाचं पडकं खोपट होतं. तिघी आणि तो तिथं राहिले.

सोमवारी गावानं त्यांची भरपूर खिल्ली उडवली. आब्दोन रोज सकाळच्या साठनंतर कर्ण्यावर एक गाणं लावायचा. त्या दिवशी त्यानं आधी विचारलं की वरच्या महालातल्या मंडळींची न्याहारी झाली का. सेनोबियो दगडावर बसून नदीकडे बघत होता. नदी आणखी बारीक झाली होती. मंगळवारी आब्दोनचीच बायको ग्रिमाल्दा सहा कोंबड्या घेऊन वर आली. इकडचं गवत कोंबड्यांना मानवतं, असं ती म्हणाली. कोंबड्या गवत कधीपासून खायला लागल्या हे तिला कुणी विचारलं नाही. दुपारी आणखी दोन घरच्या बायका आल्या, एक पोरांचा खोकला घेऊन, एक भांडणाचं निमित्त काढून. संध्याकाळपर्यंत खोपटाभोवती तीसेक माणसं झाली, आणि एकानंही पाण्याचा विषय काढला नाही. पाचला कर्ण्यातून साठ आले तेव्हा सगळ्यांनी मुकाट्यानं बटाटे चढवले.

बुधवारी सकाळी सहाला पुन्हा तेच. साठ, नवं काही नाही. मग आब्दोनचा आवाज, जरा मवाळ. त्याला बायकोशिवाय दोन दिवस झाले होते.

"कोंपाद्रे सेनोबियो, ऐकलंस ना? साठ. ग्रिमाल्दाला घेऊन खाली या आता. चिचा ठेवलीय तुझ्यासाठी."

गाणं लागलं. सेनोबियो उठून उभा राहिला होता, कारण त्याला म्हाताऱ्याचं खाकरणं ऐकू आलं होतं. इतकं मोठं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. वर बघितलं तर शिखराच्या डाव्या खांद्यावर, जिथं कायम पांढरं होतं, तिथं काळा कातळ दिसत होता, आणि तळ्याच्या बाजूनं धुरळा उठत होता. तो ओरडायला लागला. खालच्यांना गाण्यात ऐकू येईना. नेलिदा आणि सगळ्या बायका ओरडायला लागल्या, पातेली बडवायला लागल्या.

गाणं बंद झालं. आब्दोनलाही काहीतरी जाणवलं असणार. कर्ण्यातून त्याचा आवाज येऊ लागला, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "तळं, तळं, बोल. माउरेलिओ, बोल रे. तळं, तळं, किती पाणी?" वरून उत्तर नव्हतं. त्याच्या त्या आवाजातलं कापरं ऐकूनच सपाटीवरची माणसं दारात आली, वर बघितलं आणि धावत सुटली. अंगावरच्या कपड्यांनिशी, पोरं बगलेत मारून. बरीचशी चढापर्यंत पोचली. खोलीत आब्दोन विचारतच राहिला. आवाज दर खेपेला चढत होता, पण तो खुर्चीवरून उठला नाही. एकोणीस वर्षं त्याला वरून उत्तर मिळत आलं होतं.

घळीतून जे आलं ते पाणी दिसत नव्हतं. तपकिरी भिंत होती, तिच्यात झाडं उभीच्या उभी येत होती. "तळं, तळं," आब्दोन म्हणाला, आणि कर्णा थांबला.

ग्रिमाल्दा कोंबडी हातात धरून उभी होती. तिनं ती खाली ठेवली नाही, संध्याकाळपर्यंत ठेवली नाही.

चौदा घरं गेली. आब्दोन धरून नऊ माणसं गेली. दुपारी माउरेलिओ कड्याकड्यानं उतरून आला, एका पायात बूट, एक पाय फडक्यात. वाऱ्याच्या धडकेनं वायरलेसचा खांब पहिल्याच झटक्यात मोडला होता. तो सेनोबियोसमोर येऊन बसला आणि म्हणत राहिला, "साठच होते, दादा. मी बघितले. साठच होते." सेनोबियोनं त्याला जवळ घेतलं. दुसरं काय करणार, तो खरंच बोलत होता.

खोपटापाशी आता शंभरावर माणसं होती. कुणी रडत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे मारून ठेवल्यासारखे. तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, पातेल्यांत पाणी, शेजारी बटाटे. कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळात पाच वाजले आणि सगळ्या बायकांनी एकदम मान वर केली. सवयच ती. कर्णा नव्हता. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले, तरी कुणाच्या हातानं बटाटे उचलवेनात. पोरं भुकेली होती, कुरकुरत होती, आणि बायका नुसत्या बसून होत्या.

नेलिदा बापापाशी आली. क्रूस तिनं खोपटाच्या भिंतीला टेकवून ठेवला होता.

"ताय्ता, तुम्ही सांगा."

"काय सांगू?" सेनोबियो म्हणाला. "माझ्याजवळ काय आहे सांगायला?"

"जे दिसतं ते."

 लोक त्याच्याकडे बघत होते, ज्यांची घरं गेली तेही, ग्रिमाल्दाही. मग तो उठला, उताराच्या काठाशी गेला आणि खाली बघितलं. बोलला तेव्हा आवाज रोजचाच निघाला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि तो ऐकून त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी तो थांबला नाही.

"नदी मक्याच्या शेतांच्या बांधापर्यंत उतरलीय. सपाटीवर गाळ आहे. घर एकही नाही. ग्रामसभेची खोली नाही. माझ्या लेकीच्या घराच्या जागी मुकी पडलीय, आडवी. रेघ इथून दिसतेय." त्यानं घळीपासून खालपर्यंत पुन्हा एकदा नजर फिरवली. "माणूस कुणी हलताना दिसत नाही."

ग्रिमाल्दानं कोंबडी सोडली. मग ती वाकली, बटाटे उचलले आणि पातेल्यात टाकले. तिच्यामागून बाकीच्यांनीही टाकले.